सोशिओपॅथ: शब्दाचा अर्थ, उगम आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्याला फसवून, लुबाडून, दुखवूनही ज्यांना काही वाटत नाही अशा माणसांसाठी मानसोपचारशास्त्राने गेल्या दोनशे वर्षांत बरीच नावं वापरली आणि टाकून दिली. 'सोशिओपॅथ' हे त्यातलंच एक टाकून दिलेलं नाव. बोलण्यातून मात्र ते गेलं नाही, उलट वाढलं. त्याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसऱ्यात लागला तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सोशिओपॅथ म्हणजे नेमका कसा माणूस?

इतरांच्या हक्कांची आणि सुरक्षिततेची पर्वा न करणं ही ज्याची कायमची रीत झाली आहे, असा माणूस. एकदा खोटं बोललेला किंवा रागाच्या भरात हात उचललेला नव्हे. घरात, कामावर, मैत्रीत, पैशाच्या व्यवहारात वर्षानुवर्षं तसाच वागत आलेला. सापडला तर सापडल्याचं दुःख होतं, केल्याचं नाही.

हे आज अधिकृत निदान नाही, हेही इथेच सांगून टाकतो. कागदावर काय लिहितात ते प्रश्न ६ मध्ये पाहा.

२. मला गर्दीचा कंटाळा येतो, समारंभ टाळतो, फोनसुद्धा उचलत नाही. घरचे मला 'अँटिसोशल' म्हणतात. मग मी सोशिओपॅथ ठरतो का?

नाही. रोजच्या बोलण्यात अँटिसोशल म्हणजे माणूसघाणा, एकलकोंडा. मानसोपचारात त्याचा अर्थ समाजविघातक, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. एकलकोंडा माणूस दार लावून घेतो. समाजविघातक माणसाला माणसं हवीच असतात, वापरून घ्यायला. त्यातले कित्येक जण पहिल्या भेटीत अतिशय गप्पिष्ट आणि लाघवी वाटतात.

लोकांत जायची भीती वाटत असेल, तिच्यामुळे कामं अडत असतील, तर ती वेगळी तक्रार आहे आणि तिच्यावर चांगले उपचार आहेत. भीती वाटत नाही, फक्त एकटं राहायला आवडतं, तर तक्रारच नाही.

३. हा शब्द काढला कोणी? आणि 'सायकोपॅथ' असताना दुसऱ्या शब्दाची गरज का पडली?

कारण 'सायकोपॅथ' फार पसरट झाला होता. ग्रीकमधल्या मन आणि व्याधी या अर्थांच्या शब्दांवरून तो बनला, आणि एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन डॉक्टरांच्या लेखी 'सायकोपॅथिक' म्हणजे नुसतं 'मनाच्या आजाराचं'. अमेरिकेत १९१२ साली बॉस्टन सायकोपॅथिक हॉस्पिटल सुरू झालं. आज ते नाव वाचून दचकायला होतं, पण तेव्हा ते साधं मनोरुग्णालयाचं नाव होतं.

त्याआधीच, १८९० च्या दशकात, जर्मन मनोविकारतज्ज्ञ युलियुस कोख यांनी वेड नाही पण पुरतं शहाणपणही नाही अशा सगळ्या अवस्था 'सायकोपॅथिक न्यूनता' या एका मथळ्याखाली आणल्या. १९२३ मध्ये कुर्ट श्नायडर यांनी सायकोपॅथिक व्यक्तिमत्त्वांचे दहा प्रकार पाडले. ज्यांच्या वेगळेपणामुळे ते स्वतः तरी सोसतात किंवा समाजाला तरी सोसावं लागतं, ते सगळे त्यांच्या व्याख्येत बसत. त्यामुळे सदा खिन्न असणारा, स्वतःवर विश्वास नसलेला बिचारा माणूस आणि निर्दय फसवणारा माणूस एकाच शब्दाखाली आले. हे फार दिवस चालणार नव्हतं.

'सोशिओपॅथ'चं जनकत्व सहसा जर्मन मनोविकारतज्ज्ञ कार्ल बिर्नबाउम यांना दिलं जातं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी अशा वागण्यामागे सामाजिक परिस्थितीचा हात मोठा असतो, असं मांडलं. इंग्रजीत हा शब्द रुजवला तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज पार्ट्रिज यांनी, १९३० मध्ये. ज्यांचं बिघडलेपण समाजाशी असलेल्या नात्यातच दिसतं, तेवढ्यांनाच वेगळं काढा, असं त्यांचं म्हणणं.

अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने १९५२ मध्ये निदानाची पहिली पुस्तिका काढली, ती डीएसएम. तिच्यात 'सोशिओपॅथिक व्यक्तिमत्त्वाचा बिघाड' असा गट आला. पण त्या गटात समाजविघातक वागण्याच्या शेजारी समलैंगिकता आणि दारूचं व्यसनही बसवलं होतं! म्हणजे पसरटपणा टाळायला आणलेला शब्द पहिल्याच अधिकृत वापरात पसरट झाला. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो काढून तिथे 'अँटिसोशल व्यक्तिमत्त्व' आलं. डीएसएममधलं त्याचं आयुष्य अवघं सोळा वर्षांचं.

४. अशी माणसं तर पूर्वीपासून असणारच. तेव्हाचे डॉक्टर काय म्हणत?

बहुतेक जण काहीच म्हणत नसत. पापी, दुष्ट, गुन्हेगार हे शब्द होतेच आणि ते धर्माच्या व कायद्याच्या ताब्यात होते. वेड म्हणजे बुद्धीचा भ्रंश असं समीकरण असल्यामुळे ज्याची बुद्धी शाबूत, तो वेडा नव्हे आणि डॉक्टरच्या हद्दीत येत नसे.

हे समीकरण पॅरिसमध्ये फिलीप पिनेल यांनी मोडलं. १८०१ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी 'भ्रमाशिवायचा उन्माद' वर्णन केला. त्यातला एक रुग्ण म्हणजे आईच्या लाडात वाढलेला एकुलता एक श्रीमंत मुलगा. शुद्धीवर असताना व्यवहारात चोख. पण राग आला की समोर कोण आहे हे पाहणं नाही. एका बाईने शिवीगाळ केली म्हणून त्याने तिला विहिरीत ढकललं. पिनेल यांनी दोष वाढवण्याच्या पद्धतीला दिला. जन्मजात की संगोपनाचं, हा वाद (प्रश्न ११) इतका जुना आहे.

इंग्लंडमध्ये जेम्स प्रिचर्ड यांनी १८३५ मध्ये 'मॉरल इन्सॅनिटी' ही संज्ञा आणली. आज ती 'नैतिक वेडेपणा' अशी वाचली जाते आणि इथेच वाचक फसतो. त्या काळात 'मॉरल' या शब्दात भावना, वृत्ती, स्वभाव हे सगळं येत असे. प्रिचर्ड यांनी वर्णन केलेले बरेचसे रुग्ण आजच्या भाषेत नैराश्याचे किंवा बायपोलर विकाराचे ठरतील. पुढच्या पिढ्यांनी मात्र शब्दाचा नैतिक अर्थच पकडला.

या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसतं. डॉक्टर दोषारोप नसलेला कोरडा शब्द शोधतात, आणि वीस-तीस वर्षांत तोच शब्द शिवीसारखा वापरात येतो.

आज आपल्या डोळ्यांसमोर जी प्रतिमा येते ती मुख्यतः हर्वी क्लेक्ली यांची. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात काम करणाऱ्या या डॉक्टरांनी १९४१ च्या पुस्तकातून शहाणपणाचा मुखवटा घातलेल्या रुग्णांची सविस्तर चित्रं उभी केली आणि पुढे त्यांतून सोळा लक्षणं काढली: वरवरचा लाघवीपणा, भ्रमाचा अभाव, खोटेपणा, लाज व पश्चात्ताप नसणं, अनुभवातून न शिकणं वगैरे. लोक विसरतात ते हे, की क्लेक्लींचे बहुतेक रुग्ण खुनी नव्हते. हातात आलेली प्रत्येक संधी स्वतःच मातीत घालणारी, घरच्यांना जेरीस आणणारी माणसं होती ती.

५. सायकोपॅथ आणि सोशिओपॅथ यांत फरक काय? 'पहिला थंड डोक्याचा आणि जन्मजात, दुसरा भडक डोक्याचा आणि परिस्थितीने घडलेला' असं सगळीकडे वाचलं.

ती मांडणी काही अभ्यासकांची आहे, सर्वमान्य नाही. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लिकन यांनी ती ठसठशीतपणे मांडली: निर्भय स्वभाव घेऊन जन्माला आलेला तो सायकोपॅथ, आणि स्वभाव साधारण असूनही संगोपनच न झालेला तो सोशिओपॅथ. त्यांचा १९५७ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. चुकीची कळ दाबली की विजेचा सौम्य झटका, अशी योजना होती. सायकोपॅथ ठरलेले लोक कोडं सोडवायला इतरांइतकेच हुशार निघाले, पण झटक्याच्या कळा टाळायला मात्र शिकले नाहीत.

त्याआधी बेन्जमिन कार्पमन यांनी असाच भेद 'प्राथमिक' आणि 'दुय्यम' सायकोपॅथी अशा नावांनी केला होता. संशोधनात हा भेद उपयोगी आहे. पण समोरच्या माणसात जन्माचं किती आणि घराचं किती, हे वेगळं काढता येत नाही, आणि डॉक्टर तसा निवाडा देतही नाहीत. बोलणारा कोणता शब्द निवडतो यावरून रुग्णाबद्दल फार कळत नाही. बोलणाऱ्याचं कारणांबद्दलचं मत काय, ते कळतं.

६. मग आज निदान म्हणून काय लिहितात?

डीएसएम वापरणारे डॉक्टर 'अँटिसोशल पर्सनॅलिटी डिसऑर्डर' लिहितात. मराठीत समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार. हे नाव आणि त्याचे काटेकोर निकष १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीपासूनचे. वयाच्या पंधराव्या वर्षापासून चालत आलेल्या सात गोष्टींपैकी किमान तीन लागतात: अटक होण्याजोगी कृत्यं वारंवार करणं, फसवणूक, पुढचा विचार न करणं, चिडखोरपणा व मारामाऱ्या, स्वतःच्या किंवा इतरांच्या जिवाबद्दल बेफिकिरी, नोकरी व देणी यांत सततची बेजबाबदारी, आणि पश्चात्ताप नसणं. शिवाय वय किमान अठरा हवं, पंधराच्या आधी आचरणाच्या गंभीर तक्रारी असायला हव्यात, आणि हे सगळं केवळ स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरच्या काळातलं नसावं.

आता यातली मेख पाहा. सातांपैकी कोणतीही तीन पुरतात. म्हणजे ज्याला मनापासून पश्चात्ताप होतो असा वारंवार भांडणारा माणूसही निकषात बसू शकतो. उलट कायद्याच्या कक्षेत राहून शेकडोंना गंडवणारा, कधीच न सापडलेला माणूस निसटू शकतो. वागणं मोजता येतं, मन नाही, म्हणून निकष वागण्यावर बांधले. डॉक्टरांमध्ये एकवाक्यता आली, पण क्लेक्लींनी रंगवलेला माणूस बराचसा हरवला. माझ्या मते हा सौदा महागात पडला.

जागतिक आरोग्य संघटनेची वाट वेगळी. आयसीडी या तिच्या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत याला 'डिससोशल' व्यक्तिमत्त्व विकार म्हटलं होतं. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीने असे प्रकारच जवळपास काढून टाकले. आधी विकार सौम्य, मध्यम की तीव्र ते ठरवायचं, मग 'डिससोशॅलिटी' हा गुणविशेष ठळक असेल तर जोडायचा.

७. माझा नऊ वर्षांचा भाचा मांजरांना छळतो, चोऱ्या करतो, आणि रागावलं तर हसतो. तो सोशिओपॅथ होणार का?

नऊ वर्षांच्या मुलाला हे लेबल कोणीही लावू नये; निदानाचे नियमही अठराच्या आत ते लावू देत नाहीत. मुलांसाठी 'कंडक्ट डिसऑर्डर', म्हणजे आचरणाचा विकार, हे निदान आहे. त्यात अपराधीपणा व सहानुभूती फारच कमी दिसत असेल तर तशी वेगळी नोंद करतात, कारण अशा मुलांना थोडी निराळी मदत लागते.

ली रॉबिन्स यांनी लहानपणी बालमार्गदर्शन केंद्रात आणल्या गेलेल्या ५२४ मुलांचा तीस वर्षांनी माग काढला आणि १९६६ मध्ये निष्कर्ष मांडले. समाजविघातक प्रौढांच्या लहानपणी जवळपास नेहमीच अशी लक्षणं सापडतात. पण अशी लक्षणं असलेली बहुतेक मुलं पुढे तशी होत नाहीत. या दोन वाक्यांतला फरक तुमच्या बहिणीला नीट समजावून सांगा. आणि बालमानसोपचारतज्ज्ञाकडे आत्ताच जा. या वयात आई-वडिलांना दिलेल्या प्रशिक्षणाचा जितका उपयोग होतो, तितका विसाव्या वर्षी कशाचाच होत नाही.

८. सायकोपॅथ आणि सायकोटिक एकच ना?

मुळीच नाही. सायकोटिक अवस्थेत माणसाचा वास्तवाशी धागा तुटतो, भास होतात, खोट्या समजुती पक्क्या होतात. सायकोपॅथला वास्तव व्यवस्थित दिसत असतं. 'सायको' हा चटपटीत शब्द दोघांवरही चिकटवल्यामुळे स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना विनाकारण बदनामी सोसावी लागते.

९. इंटरनेटवर वीस प्रश्नांची चाचणी दिली, मला ३१ गुण मिळाले. घाबरायचं का?

नाही. तुम्ही बहुधा मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांच्या सायकोपॅथी मोजणाऱ्या तपासणी-सूचीची नक्कल सोडवली. मूळ सूचीत वीस मुद्दे, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, कमाल ४०. उत्तर अमेरिकेत ३० आणि युरोपात बऱ्याचदा २५ ही सीमा धरतात. पण गुण देतो तो प्रशिक्षित तज्ज्ञ, दीर्घ मुलाखतीनंतर आणि जुनी कागदपत्रं ताडून. स्वतःच स्वतःला गुण द्यायची ती चाचणीच नाही. ज्याच्या खोटं बोलण्याची तपासणी करायची, त्याच्याच शब्दावर विसंबून कसं चालेल?

१०. यांना भावनाच नसतात का?

राग, कंटाळा, हाव, अपमान हे सगळं असतं, कधी इतरांहून जास्त. उणीव असते ती दुसऱ्याच्या भावनेने आपण हलण्याची. समोरच्याला काय वाटतंय हे ओळखणं एक, आणि त्याने स्वतःला काही वाटणं दुसरं. पहिलं अनेकदा उत्तम असतं, नाहीतर फसवता कसं येईल?

२०१३ साली नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात सायकोपॅथ गुन्हेगारांना दुसऱ्याच्या वेदनेच्या चित्रफिती दाखवल्या. नुसतं पाहताना त्यांच्या मेंदूची प्रतिक्रिया मंद होती. 'त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा' असं सांगितल्यावर ती बरीच वाढली. म्हणजे यंत्रणा नाहीच असं नाही, ती आपोआप सुरू होत नाही.

११. जन्मजात असतं की परिस्थितीने होतं?

दोन्ही. जुळ्यांच्या अभ्यासांतून समाजविघातक वागण्यातला साधारण निम्मा फरक आनुवंशिकतेशी जोडता येतो. पण हे आकडे समूहाचे असतात. तुमच्या ओळखीच्या एका माणसात 'पन्नास टक्के वडिलांचं' असं त्याचं भाषांतर होत नाही. लहानपणची मारहाण, दुर्लक्ष, घरातली हिंसा यांनी धोका वाढतो. तशा घरात वाढलेली बहुतेक मुलं मात्र अशी होत नाहीत.

१२. भाऊ चाळिशीपर्यंत सरळ होता. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बेजबाबदार आणि निगरगट्ट झाला. यालाही सोशिओपॅथ म्हणायचं?

नाही. पंधराव्या वर्षाआधीचा इतिहासच नाही, त्यामुळे प्रश्न ६ मधलं निदान बसत नाही. पण तुम्ही पाहताय ते खरं आहे आणि त्याची नोंद आहे. एस्लिंगर आणि डॅमासिओ या मेंदूच्या अभ्यासकांनी १९८५ मध्ये एका रुग्णाचं वर्णन केलं: पुढच्या मेंदूखालची गाठ काढल्यावर बुद्धी पूर्वीसारखीच तल्लख राहिली, पण नोकरी, पैसा, लग्न सगळं विस्कटलं. डॅमासिओंच्या गटाने अशा अवस्थेला पुढे 'अर्जित सोशिओपॅथी' म्हटलं. जन्मभराच्या सोशिओपॅथीपेक्षा यात हेतुपुरस्सर क्रौर्य सहसा कमी दिसतं. न्यूरॉलॉजिस्टला हा बदल तारखांसकट सांगा.

१३. तुरुंगात सगळे असेच असतात का? आणि बाहेर किती?

अनेक देशांतल्या तुरुंगांचे अभ्यास एकत्र करून २००२ मध्ये काढलेला अंदाज असा, की पुरुष कैद्यांपैकी सुमारे ४७ टक्के आणि स्त्री कैद्यांपैकी सुमारे २१ टक्के समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराच्या निकषात बसतात. बाहेरच्या लोकसंख्येसाठी डीएसएमच्या पाचव्या आवृत्तीतला वर्षभराचा आकडा ०.२ ते ३.३ टक्के आहे, त्यात पुरुष बरेच जास्त. निकषांतच गुन्हेगारी वर्तन असल्यामुळे तुरुंगातला आकडा फुगणारच, हे ध्यानात ठेवून वाचावं. हेअर यांच्या सूचीने मोजलं की कैद्यांमधलं प्रमाण बरंच खाली येतं.

१४. उपचार आहे का? 'उपचार केले की ते आणखी चलाख होतात' हे खरं का?

या विकारासाठी मान्यता मिळालेलं एकही औषध नाही. चिडखोरपणा, व्यसन, नैराश्य यांवर औषधं देतात, तीही त्या त्या तक्रारीपुरती. ब्रिटनमधल्या नाईस या संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचना विचार व वर्तनावर काम करणाऱ्या गट-उपचारांकडे वळायला सांगतात.

चलाख होण्याची गोष्ट कॅनडातल्या पेनेटँगविशीन इथल्या कार्यक्रमावरून पसरली. तिथे १९६० आणि ७० च्या दशकांत कैदी-रुग्णांना अनेक दिवस एकत्र कोंडून, कधी विवस्त्र, कधी एलएसडी देऊन एकमेकांवर 'उपचार' करायला लावत. १९९२ मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की यातून गेलेल्या सायकोपॅथ मंडळींनी उपचार न झालेल्यांपेक्षा जास्त हिंसक गुन्हे केले. पण याला उपचार म्हणणंच धाडसाचं आहे. त्यावरून उपचार म्हणून काहीच चालत नाही असा निष्कर्ष निघत नाही. वय चाळिशीकडे झुकतं तशी लक्षणं, विशेषतः गुन्हे, अनेकांत आपोआपही उतरतात.

१५. आरोपी सोशिओपॅथ आहे असं सिद्ध झालं तर तो कोर्टातून सुटतो का?

सहसा नाही. वेडेपणाचा बचाव हा आपण काय करतोय हे न समजण्यावर किंवा स्वतःला आवरता न येण्यावर उभा असतो, आणि इथे समज शाबूत असते. अमेरिकेत राज्यांना नमुना म्हणून तयार केलेल्या १९६२ च्या आदर्श दंडसंहितेने तर स्पष्टच लिहिलं, की केवळ वारंवारच्या गुन्ह्यांतून किंवा समाजविघातक वागण्यातून दिसणारी विकृती 'मानसिक रोग' धरायची नाही.

उलट दिशेने मात्र कायद्याने हे शब्द भरपूर वापरले. इंग्लंडच्या १९१३ च्या कायद्यात 'मॉरल इंबेसाइल', म्हणजे नीतीच्या बाबतीत मतिमंद, असा वर्ग होता. १९५९ च्या कायद्यात 'सायकोपॅथिक डिसऑर्डर' आला आणि त्याखाली माणसाला सक्तीने रुग्णालयात ठेवता येई. ती संज्ञा २००७ च्या दुरुस्तीने गेली. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्याने 'सायकोपॅथिक व्यक्तिमत्त्व' असलेल्यांना देशात यायला बंदी केली. १९६७ मध्ये बुटिलिये खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या शब्दांत समलैंगिक पुरुष येतो असं ठरवलं आणि एका कॅनेडियन माणसाला देश सोडावा लागला. कोणाही डॉक्टरने त्याला निर्दय किंवा फसवा म्हटलेलं नव्हतं. तो कायदा १९९० मध्ये बदलला.

१६. माझा साहेब (किंवा नवरा, किंवा टीव्हीवरचा तो पुढारी) नक्कीच सोशिओपॅथ आहे. असं म्हणायला काय हरकत?

पुढाऱ्याच्या बाबतीत तज्ज्ञांनाही मनाई आहे. १९६४ मध्ये एका अमेरिकी मासिकाने बॅरी गोल्डवॉटर या अध्यक्षपदाच्या उमेदवाराबद्दल हजारो मनोविकारतज्ज्ञांची मतं मागवून छापली, गोल्डवॉटर यांनी दावा लावला आणि जिंकला. १९७३ पासून अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनचा नियम आहे: स्वतः न तपासलेल्या व्यक्तीचं निदान जाहीरपणे करायचं नाही.

साहेब आणि नवऱ्याचं म्हणाल, तर निदानाने तुमचं काही अडत नाही. तो पैसे चोरतो, धमकावतो, मारतो, हे पुरेसं आहे. त्यासाठी वकील, पोलिस, वेगळं घर, जे लागेल ते करायला वैद्यकीय नावाची गरज नाही. कित्येक जण नाव सापडेपर्यंत थांबून राहतात. आणि नाव सापडल्यावर 'आजारी आहे बिचारा' म्हणून आणखी थांबतात.

१७. हे सगळं वाचून वाटतं की मीच तसा आहे. 'सोशिओपॅथला असा प्रश्नच पडत नाही' असं म्हणतात, मग मी सुटलो का?

तो नियम ऐकायला छान आहे, पण भरवशाचा नाही. अशा लोकांपैकी काहींना आपण इतरांसारखे नाही हे चांगलं ठाऊक असतं, आणि काही जण स्वतःहून, बहुतेक वेळा नैराश्य किंवा व्यसनाची तक्रार घेऊन, डॉक्टरकडे येतात. दुसरीकडे, निव्वळ काळजीखोर माणसांनाही हा प्रश्न रात्रभर छळतो. हातून लोकांचं खरोखर नुकसान होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या आणि जमलं तर तुम्हाला लहानपणापासून ओळखणाऱ्या कोणाला तरी सोबत न्या. पंधराव्या वर्षाआधीचं तुमच्यापेक्षा त्यांना नीट आठवत असेल.